चार सॉफ्टवेअर, एक दवाखाना: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

अपॉइंटमेंट, केसपेपर, प्रयोगशाळेचे रिपोर्ट आणि बिले यांसाठी आमच्या दवाखान्यात चार वेगवेगळी सॉफ्टवेअर वापरात येऊन आठ महिने झाले. आपापल्या कामात प्रत्येक चोख आहे. केसपेपरचे तर मला मनापासून आवडते, कारण जुनाट आजाराच्या पेशंटची सगळी औषधे एका नजरेत दिसतात. माझी तक्रार आहे ती या चौघांमधल्या अबोल्याची.

तिसऱ्या महिन्यात एका पेशंटचे नाव रिसेप्शनवर एका अक्षराच्या फरकाने नोंदले गेले आणि त्याची दोन खाती झाली. पेनिसिलिनच्या ॲलर्जीची नोंद जुन्या खात्यात राहिली आणि माझ्यासमोर नवे उघडले. मी पेनिसिलिनच्याच गटातले ॲमॉक्सिसिलिन लिहीत असताना पेशंटनेच आठवण करून दिली, म्हणून अनर्थ टळला. तेव्हापासून जन्मतारीख आणि मोबाइल क्रमांक पडताळल्याशिवाय आम्ही नवे खाते उघडत नाही.

रिपोर्ट पीडीएफ स्वरूपात येतात. ते वाचता येतात, पण त्यांतले आकडे केसपेपरच्या आलेखात आपोआप उतरत नाहीत, हाताने भरावे लागतात. त्यातच एक प्रयोगशाळा मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते सांगणारे रक्तातले क्रिएटिनिन मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देते, तर दुसरी मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये, आणि पहिल्यातला १ म्हणजे दुसऱ्यातले ८८.४. एकदा १.२ नंतर १०६ हा आकडा तसाच चढवला गेला. मूत्रपिंडाचे काम होते तसेच होते, आलेख मात्र थेट आभाळाला भिडला, आणि सॉफ्टवेअरने साधी शंकाही विचारली नाही.

एक्स-रेच्या बाबतीत हा त्रास मला कधी झाला नाही, कारण १९९३ पासून डायकॉम या नावाने ओळखले जाणारे, वैद्यकीय प्रतिमा साठवण्याचे आणि पाठवण्याचे सामायिक प्रमाण बहुतेक यंत्रे पाळतात. तपासण्यांना संकेतांक देणारे लॉइंक १९९४ पासून आहे, आणि आरोग्यविषयक माहितीच्या देवाणघेवाणीसाठी एचएल७ या संस्थेचे ‘फायर’ हे प्रमाणही आहे. विक्रेत्याला विचारले, तर “सपोर्ट आहे” असे उत्तर मिळते. पुढे कळते की त्यासाठी वेगळे मॉड्यूल, वेगळे पैसे.

म्हणून केसपेपरचे सॉफ्टवेअर आवडते असूनही बदलायचे ठरवले आहे. नव्या विक्रेत्याला दहा केसपेपर दिले आणि ते आत घेऊन पुन्हा बाहेर काढून दाखवा, असे सांगितले. औषधे मात्रेसह नीट परत आली. ॲलर्जी मात्र शेऱ्याच्या रकान्यात साधा मजकूर म्हणून आली, आणि ती तिच्या स्वतंत्र रकान्यात येईपर्यंत मी करारावर सही करणार नाही.