परसातले पक्षी आणि ऋतूंची नोंद: मर्लिन व ई-बर्ड या दोन ॲपचे परीक्षण

परसात, गच्चीवर किंवा बाल्कनीसमोरच्या झाडावर येणाऱ्या पक्ष्यांवरून ऋतू कसा पालटतो हे पाहण्याची ज्यांना आवड आहे, त्यांच्या हाती आज मर्लिन आणि ई-बर्ड ही दोन चांगली साधने आहेत. दोन्ही अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेची आहेत, दोन्ही मोफत आहेत आणि दोन्हींसाठी एकच खाते पुरते. पुणे परिसरात ही ॲप वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की मर्लिन पक्ष्याचे नाव सांगते, पण ऋतू कळतो तो ई-बर्डवर सातत्याने केलेल्या नोंदींमधून. त्यामुळे ज्यांना मुख्यतः ऋतूच पाहायचा आहे त्यांनी दुसऱ्या ॲपला अधिक वेळ द्यावा. प्रत्यक्षात बहुतेक जण पहिल्यापाशीच थांबतात, आणि ते मला खटकते.

मर्लिन २०१४ मध्ये आले. पक्षी कोठे व केव्हा दिसला, आकाराने केवढा होता, रंग कोणते होते आणि तो काय करत होता, एवढे विचारून ते संभाव्य पक्ष्यांची यादी पुढे ठेवते. छायाचित्रावरूनही ओळख पटवता येते. परंतु परसातल्या निरीक्षणासाठी खरी मोलाची सोय आवाजावरून ओळखण्याची आहे. ती २०२१ मध्ये प्रथम उत्तर अमेरिकेतील पक्ष्यांसाठी सुरू झाली आणि पुढे भारतातील पक्ष्यांपर्यंत पोहोचली. फोन समोर धरला की ऐकू येणाऱ्या आवाजाचा आलेख पडद्यावर सरकू लागतो आणि जुळणाऱ्या पक्ष्याचे नाव खाली उमटते. आपल्या प्रदेशाचा पक्षीसंच एकदा उतरवून घेतला की त्यासाठी इंटरनेट लागत नाही, त्यामुळे गावाकडच्या घरीही ती सोय तितकीच उपयोगी पडते.

या सोयीचा सर्वांत मोठा लाभ पावसाळा सरताना होतो. सप्टेंबरपासून बागांमध्ये उत्तरेकडून वटवटे (वॉर्ब्लर) येऊ लागतात, आणि त्यांतला ब्लिथ्स रीड वॉर्ब्लर हा तपकिरी, झुडपात दडून राहणारा पक्षी नवख्या माणसाला डोळ्यांनी ओळखणे जवळजवळ अशक्य असते. जास्वंदीच्या किंवा मेंदीच्या दाटीतून येणारा त्याचा ‘चक्, चक्’ असा तुटक आवाज ॲपच्या मदतीने एकदा ओळखीचा झाला, की हिवाळी पाहुणे दारात आले हे थंडी पडण्याच्या कितीतरी आधी कळते. करडा धोबी आणि थिरथिरा यांचे आगमनही साधारण याच सुमारास, सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या दरम्यान होते. मात्र कुंपणावर बसून शेपूट थरथरवणारा थिरथिरा ओळखायला ॲपची गरज फारशी पडत नाही.

मर्लिनच्या मर्यादाही ध्यानात ठेवायला हव्यात. नाव उमटले म्हणजे पक्षी सिद्ध झाला, असे समजू नये. पक्षी स्वतः पाहून किंवा नीट ऐकून खात्री करावी, असे निर्मात्यांचेही सांगणे आहे. कोतवाल हा पक्षी शिक्रा या शिकारी पक्ष्याची हुबेहूब हाक काढतो, तेव्हा यंत्राने शिक्र्याचे नाव दाखवले तर दोष यंत्राला देता येत नाही. रहदारीच्या आवाजात लांबची व हळू हाक हरवते. शिवाय सुचवण्या त्या ठिकाणी व त्या तारखेला काय आढळते यावर बेतलेल्या असतात. सामान्य ओळखीसाठी हे उत्तमच आहे, पण ऋतू पाहणाऱ्याला वेळेआधी आलेला किंवा वेळेनंतरही रेंगाळलेला पक्षीच अधिक महत्त्वाचा असतो. अशा वेळी डोळे, दुर्बीण आणि स्वतःचा विवेक यांवरच भिस्त ठेवावी लागते.

ई-बर्ड २००२ मध्ये कॉर्नेलची प्रयोगशाळा आणि नॅशनल ऑड्यूबॉन सोसायटी ही अमेरिकेतील पक्षीसंरक्षण संस्था यांनी सुरू केले. भारतात त्याच्या वापराला चालना देण्याचे काम बर्ड काउंट इंडिया हा संस्था व पक्षीनिरीक्षक गटांचा समूह करतो. यात एकेका पक्ष्याऐवजी यादी नोंदवायची असते: ठिकाण, सुरुवातीची वेळ, किती मिनिटे पाहिले, कोणते पक्षी किती. शेवटी एक प्रश्न येतो, आपण ओळखू शकलेले सर्व पक्षी या यादीत आहेत का? संपूर्ण साधनाचा जीव मला या प्रश्नात दिसतो. उत्तर ‘हो’ असेल, तर यादीत नसलेला पक्षी त्या वेळी आपल्याला आढळला नाही, हीसुद्धा नोंद होते. थिरथिरा आला हे सर्वांच्या लक्षात येते. तो नेमका केव्हापासून दिसेनासा झाला हे मात्र नियमित पूर्ण याद्यांशिवाय सांगता येत नाही. मर्लिनमध्ये जतन केलेला पक्षी अशा पूर्ण यादीची जागा घेऊ शकत नाही.

पुरेशा याद्या जमल्या की ई-बर्डचे स्तंभालेख उघडून पाहावेत. त्यांत प्रत्येक महिन्याचे चार भाग केलेले असतात आणि त्या त्या काळात किती टक्के पूर्ण याद्यांमध्ये तो पक्षी होता, त्यानुसार पट्टी जाड किंवा बारीक होते. आपल्या जिल्ह्याचा आलेख पाहिला तर भोरड्यांचे (पळस मैनांचे) वर्ष डोळ्यांपुढे उभे राहते. मध्य आशियाकडून साधारण ऑगस्टपासून येणारे हे थवे फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा आणि काटेसावर फुलल्यावर त्यांवर तुटून पडतात आणि एप्रिलमध्ये परततात. याउलट, मे अखेरीस व जूनमध्ये नवरंग आणि चातक यांच्या पट्ट्या अचानक उमटतात. चातक आफ्रिकेतून समुद्र ओलांडून मोसमी वाऱ्यांच्या साथीने येतो आणि सातभाईंच्या घरट्यांत अंडी घालतो, हे ठाऊक असले की त्या पट्टीकडे पाहताना पाऊसच सरकत येताना दिसतो.

तथापि हे आलेख वाचताना सावध राहावे लागते, आणि याबद्दल पुरेसे बोलले जात नाही असे मला वाटते. पट्टीची जाडी पक्षी आढळण्याचे प्रमाण दाखवते, तो तेथे असण्याचे नव्हे. कोकीळ वर्षभर आसपासच असतो; पण हिवाळ्यात तो गप्प असल्यामुळे याद्यांतून गळतो आणि कावळ्यांच्या विणीच्या हंगामात सतत ओरडू लागला की पट्टी फुगते. पावशाचेही तसेच आहे. उन्हाळ्यात ‘पेरते व्हा’ सुरू झाले म्हणजे तो नव्याने आलाच, असे मानण्याचे कारण नाही.

परसातले निम्मे ऋतू तर असे न जाता बदलणाऱ्या पक्ष्यांचेच असतात. दयाळ थंडीत जेमतेम चिरकतो आणि उन्हाळ्यात पहाटेपासून गातो. जांभळ्या शिंजिराचा नर विणीनंतर झळाळी टाकून मादीसारखा फिकट होतो व त्याच्या गळ्यापासून पोटापर्यंत केवळ एक गडद पट्टा उरतो. सुगरणीचा नर पावसाळ्याच्या तोंडावर पिवळा होतो आणि विणायला लागतो. नुसत्या आकड्यांच्या यादीत यांतले काहीच उतरत नाही. त्यासाठी ई-बर्डमध्ये प्रत्येक पक्ष्यापुढे टिप्पणीची जागा आणि गाणे, घरटे बांधणे, पिल्लांना चारा नेणे अशा विणीच्या खुणांचे संकेत दिलेले आहेत. ते फार थोडे लोक भरतात. माझ्या मते परसातल्या निरीक्षकाने दहा नवे पक्षी शोधण्यापेक्षा हे संकेत इमाने भरावेत.

वापराची एक पद्धत सुचवतो. आठवड्यातून ठरावीक दिवशी, ठरावीक वेळी, एकाच जागी पंधरा मिनिटे बसून पूर्ण यादी करावी. मर्लिन केवळ अडलेल्या आवाजापुरते उघडावे. पक्षी न दिसलेले दिवसही सोडू नयेत. नवशिक्यांना फेब्रुवारीतील ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट हा चार दिवसांचा पक्षीगणनेचा उपक्रम सुरुवातीसाठी सोयीचा आहे. तो १९९८ पासून चालू आहे आणि भारतातले पक्षीनिरीक्षक २०१३ पासून त्यात भाग घेत आले आहेत. नोंद अवेळी आलेल्या पक्ष्याची असेल, तर ई-बर्डचे स्वयंसेवक परीक्षक पुरावा विचारू शकतात. त्याचा राग न मानता छायाचित्र किंवा ध्वनिमुद्रण जोडावे, कारण अशाच नोंदी तपासून घेतल्या नाहीत तर आलेखांवर विश्वास उरणार नाही. आणि घरच्या परसाचे ठिकाण नकाशावर टाकताना खूण नेमक्या घरावर ठेवण्याऐवजी जवळच्या रस्त्यावर किंवा वस्तीच्या नावाने ठेवावी, कारण याद्या व ठिकाणे इतरांनाही दिसतात.