जुन्या सेडानला निकेलचे स्पार्क प्लग की इरिडियमचे?

निकेलचा प्लग स्वस्त, पण टोक लवकर झिजतं. साधारण ३०,००० किलोमीटरला बदलावा लागतो. निकेल १,४५५ अंश सेल्सियसला वितळतं, इरिडियम २,४४६ला. म्हणूनच इरिडियमचं टोक बारीक ठेवता येतं, ठिणगी कमी व्होल्टेजवर उडते आणि प्लग लाखभर किलोमीटरही चालतो.

तरी डिस्ट्रिब्युटरवाल्या (प्रत्येक प्लगला आळीपाळीनं वीज वाटणारा फिरता भाग असलेल्या) जुन्या गाडीत मी निकेलच घालेन. ती त्याच प्लगसाठी बनलेली असते. शिवाय वरचेवर काढलेला प्लग इंजिनाची तब्येत सांगतो. कोरडी काजळी म्हणजे बहुधा पेट्रोल जास्त, तेलकट ओल म्हणजे पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील झिजलेले. प्लगसाठी इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा भाग) उतरवावं लागत असेल, तर मात्र सरळ इरिडियम.

हीट रेंज, म्हणजे प्लग किती उष्णता बाहेर टाकतो त्याची श्रेणी, मॅन्युअलप्रमाणेच घ्या. इंजिन गार असतानाच प्लग काढा, नवा आधी हातानं फिरवत बसवा. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडचे आटे सहज खराब होतात.