क्विकबुक्सला पायथनमधून जोडताना: ‘पायथन-क्विकबुक्स’ लायब्ररी वापरून कशी वाटली

ऑर्डरी एका अ‍ॅपमध्ये, हिशेब क्विकबुक्स ऑनलाइन या इंटरनेटवरच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि मधे बसलेला कुणीतरी दिवसभर इकडचं तिकडे टाइप करतोय. हे टायपिंग बंद करून देणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत करायचं असेल तर मी डोळे झाकून ‘पायथन-क्विकबुक्स’ ही लायब्ररी, म्हणजे आयत्या कोडचं गाठोडं, घेते. डोळे झाकून घ्यायचं ते लायब्ररी निवडण्यापुरतंच, पुढे ते उघडे ठेवावे लागतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट असू द्या. क्विकबुक्स बनवणाऱ्या इंट्यूट कंपनीचे अधिकृत कोड-संच जावा, डॉटनेट आणि पीएचपीसाठी आहेत. पायथनवाल्यांना कंपनीकडून मिळतं ते ओऑथचं, म्हणजे परवानगी घेण्यापुरतं पॅकेज. ही लायब्ररी त्याच्यावर बसते. ती लोकांनी मिळून बांधली आहे, एमआयटी परवान्याखाली आहे, फुकट आहे. अडलं तर गिटहबवर, म्हणजे तिचा कोड जिथे ठेवलाय त्या साइटवर, जायचं.

मला ती आवडते कारण ती पातळ आहे. क्विकबुक्सच्या एपीआयमध्ये, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामने त्याच्याशी बोलायच्या दारात, ज्या फील्डचं नाव ‘कस्टमररेफ’ (CustomerRef) आहे, त्याचं नाव इथेही ‘कस्टमररेफ’च. पायथनच्या शिस्तप्रिय मंडळींना त्यातली इंग्रजी कॅपिटल अक्षरं खुपतात, पण इंट्यूटची कागदपत्रं उघडून वाचलेलं जसंच्या तसं कोडमध्ये लिहिता येतं. इन्व्हॉइस करायचं तर ‘सेल्सआयटमलाइन’ बनवा, मालाला आणि ग्राहकाला ‘टू_रेफ’ लावून जोडा, ओळ यादीत घाला, ‘सेव्ह’ म्हणा. एवढंच. फक्त ओळीची रक्कम म्हणजे नग गुणिले दर, हे पैशापर्यंत जुळलं पाहिजे. नाही जुळलं तर क्विकबुक्स ६०७० नंबरची चूक दाखवून परत पाठवतं. रक्कम कुठे राउंड करायची हे लायब्ररी तुमच्या वतीने ठरवत नाही, आणि ठरवू नयेच.

टोकनचं, म्हणजे क्विकबुक्सने दिलेल्या प्रवेशाच्या किल्ल्यांचं, प्रकरण नव्या माणसाला हमखास छळतं. अ‍ॅक्सेस टोकन तासाभरात संपतं. नवं अ‍ॅक्सेस टोकन मिळवून देणारं रिफ्रेश टोकन हात न लावता ठेवलं तर १०० दिवसांनी मरतं, आणि वापरात असताना ते स्वतःही बदलत राहतं. लायब्ररीला जुनं रिफ्रेश टोकन दिलं की ती मुकाट्याने नवं अ‍ॅक्सेस टोकन आणते आणि काम सुरू करते. नवं रिफ्रेश टोकन मात्र ती तुमच्या डेटाबेसमध्ये लिहून ठेवत नाही. क्लायंट, म्हणजे क्विकबुक्सशी बोलणारा ऑब्जेक्ट, तयार झाला की त्याच्या ‘ऑथ_क्लायंट’मधून ते काढून साठवायचं, ही ओळ मी सगळ्यात आधी लिहिते. न लिहिल्यास पहिल्या दिवशी सगळं झकास चालतं, आणि नंतर कधीतरी मालकाला पुन्हा ‘कनेक्ट’चं बटण दाबायला बोलवावं लागतं.

आता माझं सगळ्यात लाडकं. इन्व्हॉइस सेव्ह करायला पाठवलं आणि उत्तर यायच्या आत नेटवर्क तुटलं. इन्व्हॉइस झालं की नाही? परत पाठवावं तर दोन होतील, न पाठवावं तर कदाचित एकही नाही. ‘सेव्ह’ला ‘रिक्वेस्ट_आयडी’, म्हणजे त्या विनंतीचा ओळख क्रमांक, देता येतो हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. मी आमच्या ऑर्डर क्रमांकावरून तो बनवते. तोच आयडी घेऊन तीच विनंती पुन्हा गेली तर क्विकबुक्स दुसरं इन्व्हॉइस करत नाही, पहिल्याचंच उत्तर परत देतं. एकाच मालाचं बिल ग्राहकाला दोनदा गेलं की अकाउंटंट काका कोणत्या सुरात फोन करतात, हे ज्याने ऐकलंय त्याला या एका पॅरामीटरची किंमत सांगावी लागत नाही.

एकदम भरपूर नोंदी पाठवायच्या असतील तर बॅच आहे. एपीआय एका वेळी ३० कामं घेतं, लायब्ररी मोठी यादी स्वतःच तुकडे करून पाठवते. परत येताना यशस्वी वेगळे, ‘फॉल्ट्स’ म्हणजे नाकारलेले वेगळे. प्रत्येक फॉल्टबरोबर मूळ ऑब्जेक्ट चिकटलेला असतो, त्यामुळे कोणत्या ग्राहकाची नोंद का नाकारली हे नावानिशी सांगता येतं. हे ज्याने केलं त्याने खरंच कधीतरी रात्री बसून आयात चालवलेली असणार.

खुपणाऱ्या गोष्टीही आहेत. नोंदी मागवायच्या ‘ऑल’ या फंक्शनचं नाव वाचून सगळे ग्राहक मिळतील असं कुणालाही वाटेल. मिळतात १००. जास्तीत जास्त १००० मागता येतात, त्यापुढे सुरुवातीची जागा देऊन पानं तुम्हीच उलटायची. माहितीपत्रात हे लिहिलंय, पण माहितीपत्र वाचतो कोण! नोंदी शोधताना ‘फिल्टर’ ग्राहकाच्या नावातलं अवतरणचिन्ह सांभाळून घेतं, ‘व्हेअर’मध्ये ती जबाबदारी तुमची. आणि मिनिटाला ५०० विनंत्यांची मर्यादा ओलांडली तर थांबून पुन्हा विचारायचं कोडही तुम्हीच लिहायचं.

‘सिंकटोकन’मुळे, म्हणजे प्रत्येक नोंदीवर असणाऱ्या तिच्या आवृत्तीच्या आकड्यामुळे, चिडणारे खूप पाहिलेत. मी त्याच्या बाजूची आहे. तुम्ही इन्व्हॉइस वाचून बदलेपर्यंत काकांनी तेच स्क्रीनवर दुरुस्त केलं, तर तुमच्याकडचा आकडा जुना ठरतो आणि तुमचा बदल ५०१० नंबरची चूक म्हणून नाकारला जातो. नाकारलाच पाहिजे. ताजं वाचा, आपला बदल पुन्हा लावा, मग सेव्ह करा. फक्त आयडी आणि एक फील्ड भरून कोरा ऑब्जेक्ट पाठवायचा आळस मात्र करू नका. पूर्ण अपडेटमध्ये न दिलेली फील्ड रिकामी होतात.

हिशेबाचं शहाणपण ही लायब्ररी देत नाही. इन्व्हॉइस ‘डिलीट’ (पुसणं) आणि ‘व्हॉइड’ (रद्द करणं) दोन्ही तिच्यात एका ओळीत होतात. कोणतं वापरायचं ते काकांना विचारा. उत्तर बहुतेक वेळा व्हॉइडच येतं, कारण नंबर राहतो, रक्कम शून्य होते आणि मागोवा लागतो. तसंच ‘डिस्प्लेनेम’चं, म्हणजे नोंदीवर दिसणाऱ्या नावाचं. ग्राहक, पुरवठादार आणि कर्मचारी या तिघांत मिळून एक नाव एकदाच चालतं. जो आपल्याकडून घेतो आणि आपल्याला विकतोही, असा माणूस प्रत्येक धंद्यात असतोच, आणि तिथे ६२४० नंबरची चूक येते. मी पुरवठादाराच्या नावापुढे एक खूण जोडते, पण कोणती, ते आयात सुरू करण्याआधी हिशेबवाल्यांकडून ठरवून घेते.

असिंक्रोनस, म्हणजे उत्तराची वाट न बघता पुढे जाणारा, कोड लिहिणाऱ्यांनी किंवा जावावाल्यांनी दुसरीकडे बघावं. पायथनमध्ये रात्रीची आयात, वेबहुकवर (बदल झाला की क्विकबुक्स आपणहून पाठवतं त्या सूचनेवर) चालणारी जुळवणी, असलं साधं दणकट काम असेल तर घ्या. जुना प्रकल्प ताब्यात आला असेल तर कोडमध्ये ‘मायनरव्हर्जन’, म्हणजे एपीआयच्या आवृत्तीचा आकडा, शोधा. ऑगस्ट २०२५ पासून इंट्यूटने ७४ पर्यंतच्या आवृत्त्या बंद करून ७५ पायाभूत केली आहे. तिथे जुना आकडा दिसला तर लायब्ररीही जुनीच असणार, दोन्ही एकदमच बदलून टाका.