फायरवॉलवर कोणता नॅट लावायचा?

नॅट म्हणजे जाता-येता पॅकेटवरचा आयपी पत्ता किंवा पोर्ट बदलणं. त्याच्या मेनूत चार-पाच पर्याय दिसले की गोंधळ होतो. आधी एवढंच ठरवा: कनेक्शन सुरू कोण करणार, आतलं मशीन की बाहेरचं?

आतून सुरू होणार असेल तर सोर्स नॅट, म्हणजे पाठवणाऱ्याचा पत्ता बदलणारा. त्यातला रोजच्या कामाचा म्हणजे पॅट, शंभर मशीन आणि एकच पब्लिक आयपी. १९२.१६८.१.२० वरून ५१५१५ पोर्टने निघालेलं पॅकेट बाहेर पडताना २०३.०.११३.५ आणि ४०००१ झालं, की फायरवॉल ही जोडी टेबलात टिपून ठेवते आणि आलेलं उत्तर त्यावरून आत पोचवते. लिनक्सवर पब्लिक आयपी कायमचा असेल तर एसनॅट, बदलत असेल तर मास्करेड. डायनॅमिक नॅटमध्ये मात्र पूलमधला, म्हणजे पब्लिक आयपींच्या साठ्यातला, एक आयपी एका मशीनला. दहा आयपी असतील तर अकरावं मशीन ताटकळतं. नव्या सेटअपमध्ये मी तो लावणार नाही.

खरी निवड बाहेरून आत येताना करावी लागते. फक्त वेब सर्व्हर उघडायचा असेल तर डेस्टिनेशन नॅट, म्हणजेच पोर्ट फॉरवर्डिंग, पुरे: वेबचं पोर्ट ४४३ आत पाठवा, बाकी पोर्ट दुसऱ्या सर्व्हरांना मोकळे. मेल सर्व्हरला मी स्टॅटिक नॅटच देईन, म्हणजे एक पब्लिक आयपी कायमचा त्या एकाच मशीनला. नुसतं मेलचं पोर्ट २५ फॉरवर्ड केलं तर येणारी मेल येते, पण जाणारी पॅटच्या सामायिक आयपीवरून निघते. त्या आयपीचा रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) जुळला नाही की समोरचा सर्व्हर मेल नाकारू शकतो. स्टॅटिकमध्ये जाता-येता आयपी एकच. पण नॅट म्हणजे परवानगी नव्हे. स्टॅटिक लावलात तरी कोणते पोर्ट उघडायचे ते नियमांत वेगळं लिहावंच लागतं.

त्या नियमानेच माझी एक अख्खी संध्याकाळ खाल्ली होती. फॉरवर्डिंग बरोबर, पण परवानगीत मी पब्लिक आयपी लिहिला होता. लिनक्सवर डेस्टिनेशन नॅट आधी होतो, त्यामुळे फिल्टरला, म्हणजे परवानगीचे नियम तपासणाऱ्या भागाला, दिसतो तो आतला आयपी. काही फायरवॉलना उलट मूळ पब्लिक आयपीच लागतो, तेव्हा आपल्या फायरवॉलचा क्रम आधी बघा. आणि चाचणी बाहेरच्या नेटवरून करा: आतून पब्लिक आयपीवर जायला हेअरपिन नॅट (फायरवॉलवरूनच परत आत वळवणारा) लागतो, तो नसेल तर चालू सर्व्हरही बंद वाटतो.

वॅनवर, म्हणजे फायरवॉलच्या इंटरनेटकडच्या बाजूला, १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसतोय? मग इंटरनेट पुरवठादाराने स्वतःच्या बाजूला आणखी एक नॅट लावलाय. वेगळा पब्लिक आयपी मिळेपर्यंत तुमचं पोर्ट फॉरवर्डिंग बाहेरून कुणालाच दिसणार नाही.