हालाय, होरोन की झेयबेक? पहिलं तुर्की लोकनृत्य निवडताना

तुर्की लोकनृत्य शिकायचं म्हटलं की बहुतेक जण पोशाख आणि पावलं बघून निवड करतात. माझं सांगणं आहे, आधी साथ ऐका. तिथे प्रदेश बदलला की वाद्य बदलतं, आणि वाद्याबरोबर अंगाची चालही.

हालाय हे मध्य, पूर्व आणि आग्नेय अनातोलियातलं, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियाई भागातलं, सिवास, दियारबाकीर, गाझिआन्तेपकडचं. खांद्याला खांदा लावून रांग धरायची आणि टोकाला रुमाल फिरवणाऱ्या ‘हालायबाशी’च्या मागे जायचं. साथीला दावुल, म्हणजे मोठा ढोल, आणि झुर्ना. झुर्ना आपल्या सनईच्या कुळातली, पण आवाज कितीतरी करकरीत. दावुलवर एका बाजूला जाड टिपरूचा घुमारा, दुसऱ्या बाजूला बारीक काडीचा तडतडाट. लय संथ सुरू होऊन चढत जाते. नवख्याला रांगच सांभाळून नेते, म्हणून आठ-दहा जणांचा गट असेल तर इथूनच सुरुवात करा.

होरोनची गोष्ट वेगळी. काळ्या समुद्राकाठी, त्राब्झोन-रिझेच्या डोंगरउतारांवर तीन तारांची छोटी केमेन्चे वाजते. वादक एका वेळी दोन तारांवर गज फिरवतो, त्यामुळे सूर जोडीनेच धावतात. रिझे-आर्तविनकडे तिच्या जागी तुलुम, म्हणजे कातडी पिशवीचं फुंकवाद्य. ताल बहुतेकदा ७ मात्रांचा, २-२-३. रूपक ताल अंगात असेल तर हा हिशेब ओळखीचा वाटेल, फक्त तीनाचा गट आधी न येता शेवटी येतो, आणि वेग असा की मोजायला सवड मिळत नाही. हात धरलेले, खांदे थरथरते. दम आणि मजबूत पोटऱ्या हव्यात. मला स्वतःला तिघांत हेच सर्वांत जास्त ओढतं.

झेयबेक पश्चिमेच्या एजियन समुद्राकडच्या भागातलं, इझमीर, आयदन, मुअलाचं. पूर्वी डोंगरात राहणाऱ्या सशस्त्र झेयबेकांचं आणि त्यांच्या म्होरक्याचं, ‘एफे’चं हे नृत्य. ९ मात्रा, बहुधा विलंबित. बाहू पंखांसारखे पसरायचे, थांबायचं, गुडघा जमिनीला टेकवायचा. मोकळ्यावर दावुल-झुर्ना, घरात बाग्लामा, म्हणजे लांब मानेचं तारवाद्य, चालते. पावलं थोडी असली तरी एकट्याने ती शांतता पेलणं कठीण. गुडघे दुखरे असतील तर हे टाळा. शिकायचंच असेल तर ‘हार्मान्दाली’ या झेयबेकची चाल आधी आठवडाभर नुसती ऐका, नवव्या मात्रेनंतरची सम अंगाला कळू द्या, मग उभे राहा.