बी६५० मदरबोर्ड आठ महिने वापरून: रॅम ६००० वर चालवायची म्हणजे काय काय करावं लागलं

गेल्या दिवाळीत, म्हणजे नोव्हेंबर २०२३ ला, नवीन पीसी बांधला, आता जुलै २०२४ चालू आहे, रोज दहा-बारा तास वापर झालाय म्हणून आता लिहायला बसले. पहिल्याच आठवड्यात लिहिलं असतं तर "एकदम मस्त बोर्ड, डोळे झाकून घ्या" असं लिहून मोकळी झाले असते, आणि ते वाचून कोणी घेतला असता तर त्याची फसगत झाली असती. बोर्ड वाईट नाहीये, उलट आज मी त्यावर खूश आहे, पण रॅमच्या बाबतीत तो कसा वागतो हे कळायला एक हिवाळा, एक मे महिना आणि दोनदा रॅम बदलणं एवढं सगळं लागलं.

काम माझं व्हिडिओ एडिटिंगचं. नाटकांचे प्रयोग शूट होतात त्यांचं, आणि सीझनला लग्नांचं. नाटकाचा प्रयोग म्हणजे तीन कॅमेरे, अडीच तास, वेगळा रेकॉर्ड केलेला साउंड, सगळं एका टाइमलाइनवर, त्यामुळे रॅम किती आहे याला माझ्याकडे खरंच किंमत आहे. घेतलं काय तर एएमडीचा रायझन ७ ७७०० प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा चार रॅम स्लॉटवाला मदरबोर्ड आणि डीडीआर५ रॅमच्या १६ जीबीच्या दोन स्टिक, ६००० सीएल३० (६००० हा वेग, सीएल म्हणजे मागितल्यावर डेटा यायला किती ठोके थांबावं लागतं ते). बोर्डच्या कंपनीचं नाव लिहीत नाही कारण खाली जे लिहिलंय ते बी६५० च्या बऱ्याचशा बोर्डांना लागू होईल.

राहते गिरगावात, लॅमिंग्टन रोड चालत पंधरा-वीस मिनिटं, त्यामुळे तीन संध्याकाळी नुसती चौकशी करत फिरले. दुकानात पहिल्यांदा दाखवतात लाइटवाले बोर्ड, मग वायफाय आहे का नाही ते सांगतात, मग किंमत. मी विचारत होते की मागे बायोस (बोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) फ्लॅशबॅकचं बटण आहे का, व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर) हीटसिंक नीट जाड आहे का, आणि सीपीयू-रॅम-व्हीजीए-बूट अशा, कुठे अडलंय ते दाखवणाऱ्या चार छोट्या डीबग एलईडी आहेत का. एक दुकानदार म्हणाला, "ताई, हे कोणी विचारत नाय, लोक फक्त दिसतो कसा ते बघतात." पण या तीन गोष्टींनीच मला पुढे वाचवलं. फ्लॅशबॅक म्हणजे पेनड्राइव्ह एफएटी३२ ला फॉरमॅट करून त्यात फाइल टाकायची आणि बटण दाबायचं, रॅम चालू होत नसली तरी बायोस बदलता येतं. आणि ती एलईडी नसती तर बोर्ड मेलाय की रॅमची जुळवाजुळव करतोय हे मला कळलंच नसतं.

एएम४, म्हणजे एएमडीच्या आधीच्या प्रोसेसर सॉकेटचा स्वस्त बोर्ड घ्यावा का असा विचार होता, जुनी डीडीआर४ रॅम वापरता आली असती. पण बी६५० चं एएम५ सॉकेट सप्टेंबर २०२२ मध्ये आलेलं, त्यावर फक्त डीडीआर५ चालते, आणि पुढे नुसता प्रोसेसर बदलायची सोय राहते. परवा जूनमध्ये एएमडीने हे सॉकेट २०२७ आणि त्यापुढेही चालवणार असं जाहीर केलं, तेव्हा तो निर्णय बरोबर ठरला. एक्स६७० या वरच्या चिपसेटवर जास्त पैसे घालायची मला तरी गरज वाटली नाही, दोन एम.२ (एसएसडीचे स्लॉट) आणि मागे भरपूर यूएसबी एवढं पुरतं.

आता रॅमबद्दल. बॉक्सवर ६००० लिहिलंय म्हणून लावल्या लावल्या ६००० मिळत नाही. पीसी सुरू झाला, टास्क मॅनेजर उघडला तर ४८००. सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये बघितलं तर २४००, आणि माझ्या भाच्याने लगेच फोनवर सांगितलं, "मावशी, तुला खोटी रॅम दिली." खोटी नव्हती. डीडीआर म्हणजे एका ठोक्यात दोनदा डेटा जातो, सीपीयू-झेड ठोके दाखवतं आणि टास्क मॅनेजर डेटाचा वेग, म्हणून एकात निम्मा आकडा दिसतो. आणि ४८०० का, तर तो स्टिकचा साधा वेग, १.१ व्होल्टवरचा. ६००० हा स्टिकवरच्याच छोट्या चिपमध्ये लिहून ठेवलेला ओव्हरक्लॉक आहे, त्याला एक्सपो म्हणतात, इंटेलवाल्यांकडे एक्सएमपी, तो बायोसमध्ये जाऊन आपण चालू करायचा असतो आणि मग व्होल्टेज १.३५ होतं. रायझन ७००० साठी एएमडीने स्वतः दिलेला वेग ५२०० आहे, तोही दोनच स्टिक लावल्या तर. चार लावल्या तर ३६००. हा ३६०० चा आकडा लक्षात ठेवा, पुढे येणारे.

मग ७२०० ची का नाही घेतली असं भाच्याने विचारलं. ६००० ला मेमरी कंट्रोलर (प्रोसेसरमधला रॅम सांभाळणारा भाग) रॅमच्या बरोबरीने चालतो, दोघं ३००० वर, त्याच्या बऱ्याच वर गेलं की कंट्रोलर अर्ध्या वेगावर येतो आणि आकडा मोठा दिसूनही मिळालेलं बरंचसं हातचं जातं. सीएलचंही तसंच, तो आकडा वेगाबरोबर वाचायचा. ६००० सीएल३० म्हणजे १० नॅनोसेकंद, ६००० सीएल३६ म्हणजे १२, आणि माझी जुनी डीडीआर४ ३२०० सीएल१६ होती ती पण १० च.

एक्सपो चालू केला, सेव्ह केलं, आणि स्क्रीन काळी. रॅमची एलईडी पेटलेली. एक मिनिट झालं, दीड झालं, मी घाबरून मागचं स्विच बंद केलं. परत तेच, परत बंद. नंतर समजलं की हे ट्रेनिंग असतं, बोर्ड प्रत्येक स्टिकच्या प्रत्येक लाइनला कधी सिग्नल वाचायचा हे मोजून बघत असतो, आणि आपण मध्ये बंद केलं की तो पहिल्यापासून सुरू करतो. तिसऱ्या वेळी हात बांधून बसले, तीन मिनिटांनी विंडोज आलं, ६०००. त्यामुळे नवीन एएम५ पीसी बांधलात की पहिल्यांदा काळी स्क्रीन बघून लगेच काही काढू नका, दहा-पंधरा मिनिटं द्या.

मग रोज सकाळी बूट व्हायला मिनिटभर लागायचं कारण दरवेळी थोडं ट्रेनिंग व्हायचं, म्हणून डिसेंबरमध्ये बायोसमधलं मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर चालू केलं, म्हणजे मागच्या वेळचं मोजमाप जपून ठेवून तेच परत वापरायचं. बूट वीस सेकंदांवर आलं, पण दोन-तीन दिवसांनी निळी स्क्रीन, मेमरी मॅनेजमेंट लिहिलेली. मग परत. एकदा तर क्लायंट शेजारी बसलेला असताना. बोर्ड परत करायच्या विचारापर्यंत आले होते. उपाय निघाला एका ओळीचा: मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर चालू असेल तर पॉवर डाउन एनेबल हे दुसरं सेटिंग पण चालू ठेवायचं, एक्सपो लावल्यावर माझ्या बोर्डवर ते आपोआप बंद होत होतं. दोन्ही चालू केलं आणि त्या निळ्या स्क्रीन गेल्या त्या गेल्याच. माझी या बोर्डबद्दलची खरी तक्रार इथे आहे, हेच सेटिंग बायोसमध्ये दोन वेगवेगळ्या पानांवर आहे, एकीकडे चालू आणि दुसरीकडे ऑटो असं राहिलं की नक्की कुठलं लागलंय ते कळत नाही. दोन्हीकडे सारखंच ठेवा.

फेब्रुवारीत लग्नांचं काम आलं आणि ३२ जीबी कमी पडायला लागले. मला वाटलं सोपं आहे, दोन स्लॉट रिकामे आहेत, तीच कंपनी तेच मॉडेल अजून दोन स्टिक आणू. आणल्या. लावल्या. पहिलं ट्रेनिंग जवळजवळ दहा मिनिटं चाललं आणि पीसी आला तो ३६०० वर. एक्सपो लावला तर ६००० ला उठलाच नाही, तीन-चार वेळा प्रयत्न करून स्वतःच मागे आला. ५२०० ला विंडोज आलं पण रॅमच्या टेस्टमध्ये वीस मिनिटांत एरर. ४८०० ला टिकला. बोर्डच्या कंपनीच्या साइटवर रॅमची जी यादी असते त्यात एक, दोन आणि चार स्टिकचे वेगळे कॉलम असतात, ती मी घेण्याआधी बघितली होती पण फक्त आपलं मॉडेल आहे ना एवढंच बघितलं, ६००० च्या ओळीत चारचा कॉलम रिकामा होता तिकडे लक्षच दिलं नाही.

का होतं ते असं, की यातल्या बहुतेक बोर्डांवर एका चॅनलच्या (रॅम ते प्रोसेसर अशा दोन वाटांपैकी एकीच्या) दोन स्लॉटना तार एकच, ती आधी जवळच्या स्लॉटला जाते आणि लांबच्या स्लॉटला संपते. लांबच्यात स्टिक असेल आणि जवळचा रिकामा असेल तर सिग्नल टोकाला जाऊन स्वच्छ थांबतो, म्हणून दोन स्टिक नेहमी प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावतात. चारही भरले की सिग्नलला मध्येच फाटे फुटतात, आणि डीडीआर५ च्या वेगाला ते झेपत नाही. दुकानदार भला माणूस, थोडे पैसे कापून चारही स्टिक परत घेतल्या आणि ३२ च्या दोनचा सेट दिला, परत ६००० सीएल३०. पहिल्या झटक्यात उठला. म्हणून पुढे ६४ लागतील असं जरा जरी वाटत असेल तर आधीच ३२ च्या दोन घ्या, नाहीतर २४ च्या दोन घेऊन ४८ वर थांबा, रिकामे स्लॉट नंतर भरू हा हिशोब डीडीआर४ बरोबर संपला.

वेगाचा फरक किती पडतो ते पण सांगते. कागदावर ४८०० ला सेकंदाला ७६.८ जीबी आणि ६००० ला ९६ जीबी, पण ७७०० मध्ये कोर आणि मेमरी कंट्रोलर यांच्यामधली वाट २००० मेगाहर्ट्झला वाचताना साधारण ६४ जीबीच नेते, त्यामुळे पूर्ण फायदा पोचतच नाही. माझा २२ मिनिटांचा एक्सपोर्ट साडेवीसवर आला. टाइमलाइन पुढेमागे ओढताना मात्र जाणवतं, आणि भाचा म्हणतो गेममध्ये अजून जास्त. पण ६००० मिळालं नाही म्हणून कोणाची झोप उडायला नको, ५२०० वर घट्ट चालणारा पीसी मला तरी चालेल.

मे महिन्याची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. एप्रिलमध्ये मी टायमिंग (रॅमच्या कामांमधले वेळेचे आकडे) घट्ट करायच्या नादात टीरेफी ६५५३५ केलं होतं, सगळे करतात म्हणून. रॅममधले सेल म्हणजे गळक्या छोट्या टाक्या, त्या ठरावीक वेळाने परत भराव्या लागतात, टीरेफी म्हणजे त्या दोन भरण्यांमधलं अंतर. ६००० ला नेहमीचा आकडा ११७००, म्हणजे ३.९ मायक्रोसेकंद, मी तो साडेपाच पट लांबवला होता. एप्रिलच्या रात्री एसी लावून टेस्ट केली, पास. मेमध्ये दुपारी एसी बंद, खोली ३४ डिग्री, ग्राफिक्स कार्डची सगळी गरम हवा रॅमवर, एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममध्ये स्टिकचं तापमान ६१. डीडीआर५ च्या स्टिकवर तापमानाचा सेन्सर असतो, तो जरूर बघत जा. गरम झालं की टाक्या लवकर गळतात.

निळी स्क्रीन वगैरे काहीच आली नाही. एका प्रयोगाची झिप उघडत होते, सीआरसी एरर, म्हणजे फाइल तिच्या तपासणीच्या आकड्याशी जुळत नाही. परत उघडली, परत एरर, पण वेगळ्या फाइलवर. तिथे माझ्या पोटात खड्डा पडला, कारण डिस्क खराब असती तर एरर त्याच फाइलवर आली असती, दरवेळी जागा बदलतेय म्हणजे रॅम. आणि त्या आठवड्यात मी दोन नाटकं कॉपी करून कॅमेऱ्यांची मेमरी कार्ड रिकामी करून परत दिली होती. ज्या कलाकारांचा तो प्रयोग परत होणार नाही त्यांचं फुटेज हे. नशिबाने एकाच फाइलमध्ये दोन फ्रेम खराब निघाल्या, त्या दुसऱ्या कॅमेऱ्याने झाकता आल्या. डीडीआर५ मध्ये ईसीसी (चुका आपोआप दुरुस्त करणं) असतं म्हणतात ना, ते चिपच्या आतल्या आत असतं, स्टिकपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेत काय बिघडलं ते त्याला दिसत नाही, त्यामुळे त्या भरवशावर राहू नका.

टीरेफी परत ऑटो केलं, केसमध्ये रॅमच्या समोर १२० मिमीचा एक पंखा वाढवला, तापमान ५० च्या आसपास आलं. सॉक व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरकडे जाणारं) एक्सपो लावल्यावर १.२५ च्या वर जात होतं ते हाताने १.२० केलं. २०२३ मध्ये काही एक्स३डी (जादा कॅशवाले रायझन) प्रोसेसर जळाले तेव्हा एएमडीने बायोसमधून त्याला १.३ ची मर्यादा घातली, पण कमीत चालत असेल तर कमीच बरं. टेस्ट आता भर दुपारी करते, एसी बंद, एकीकडे ग्राफिक्स कार्डवर लोड. मेमटेस्ट८६ प्लस ही रॅम टेस्ट रात्रभर पास झाली तरी टेस्टमेम५ या दुसऱ्या टेस्टला चूक पकडता येते असं माझ्याकडे दोनदा झालंय, म्हणून दोन्ही. आणि महत्त्वाच्या कॉपीचे चेकसम (फाइलच्या तपासणीचे आकडे) जुळल्याशिवाय कार्ड परत देत नाही.

पावसाळा सुरू झाल्यापासून दोनदा लाइट गेली, यूपीएस आहे, सेटिंग टिकलंय. बायोसचं नवीन व्हर्जन आलंय पण बायोस बदललं की सगळी सेटिंग पुसली जातात आणि सेव्ह केलेलं जुनं प्रोफाइल माझ्या बोर्डवर नव्या व्हर्जनला चालत नाही, शिवाय ट्रेनिंग आणि टेस्टिंग परत पहिल्यापासून. हातात गणपतीपर्यंतची कामं आहेत, ती संपली की टाकेन. बायोसच्या सगळ्या पानांचे फोटो फोनमध्ये काढून ठेवलेत.