भाड्याचे फ्लॅट: आधी पाठ बघा

एकांकिकेच्या किंवा हौशी नाटकाच्या सेटसाठी भाड्याने मिळणारे फ्लॅट, म्हणजे भिंत उभी करायचे सुटे तुकडे, दोन जातींचे. एक कापडी, म्हणजे लाकडी चौकटीवर मांजरपाट ताणून रंगवलेला, दुसरा प्लायचा. प्लायची शीट ८ बाय ४ फुटांची येते, म्हणून तेच माप जास्त दिसतं. नाट्यमन्वंतर या नाट्यसंस्थेने १९३३ मध्ये रंगवलेले पडदे बाजूला सारून रंगमंचावर भिंतींची खोली उभी केली. आपल्या नाटकातला दिवाणखाना अजूनही अशाच सुट्या तुकड्यांतून उभा राहतो. दिसायला प्लाय भक्कम, पण फिरत्या प्रयोगासाठी आमची पसंती कापडी फ्लॅटला. अट एकच, तो नीट बांधलेला हवा.

त्यामुळे गोदामात रंगाकडे नंतर बघा, आधी फ्लॅट उलटा करा. चौकटीची पट्टी ३ बाय १ इंचाची हवी. खालची आडवी पट्टी पूर्ण रुंदीची, सलग असावी आणि उभ्या पट्ट्या तिच्यावर टेकलेल्या असाव्यात. उलट जोडणी असेल तर फ्लॅट सरळ नाकारा. फ्लॅट उचलून नेण्यापेक्षा ओढूनच नेला जातो. उभ्या पट्टीचं टोक जमिनीला घासलं की ते चिरतं, मग कोपरा उघडतो. कोपऱ्यांवरचे प्लायचे त्रिकोण बाहेरच्या कडेपासून पट्टीच्या जाडीइतके आत बसवलेले हवेत. कडेपर्यंत आले असतील तर दोन फ्लॅट काटकोनात जोडताना फट राहते आणि मागचा लाइट तिथून डोकावतो. शेवटी एक वरचा कोपरा धरून हलवा. चौकट तिरकी होत असेल तर आतली तिरपी पट्टी निघाली आहे किंवा मुळात बसवलेलीच नाही.

कापडाचे दोष जरा लपलेले असतात. मधल्या आडव्या पट्टीला कापड चिकटवलेलं नको, नाहीतर बाजूने लाइट पडला की भिंतीवर आडवी रेघ उमटते. कापडावर पातळ खळ फिरवली की ते वाळताना आवळतं. आधीच करकचून ताणलेलं असेल तर उभ्या पट्ट्या मधोमध आत ओढल्या जातात, आणि असे दोन फ्लॅट शेजारी लावले की छातीच्या उंचीवर फट पडते. कडेला दोरी ताणून धरली की हा बाक लगेच कळतो. रंगावर बोट दाबून बघा, पापुद्रे सुटत असतील तर थरावर थर चढलेले आहेत. मग मागून बॅटरी मारा. चौकटीची सावली समोर दिसली तर पाठीला गडद रंगाचा हात द्यावा लागेल. तो खर्च कोणाचा, हे भाडं ठरवतानाच बोलून घ्या.

प्लायचा फ्लॅट कुठे लागतोच? भिंतीवर जड तसबीर टांगायची असेल, नट भिंतीवर आदळणार असेल, खिळा ठोकायचा असेल तिथे. बाकी ठिकाणी तो नुसता भार. ६ मिलिमीटरची ८ बाय ४ ची शीटच दहा-अकरा किलोची, वर चौकट वेगळी. शिवाय छोट्या टेंपोचा हौदा सात फुटांच्या आसपास, म्हणजे आडवा ठेवला की फ्लॅट मागे बाहेर येतो. पावसाळ्यात कडेने पाणी शिरलं तर थर सुटतात. कापड फक्त सैल पडतं, वाळलं की बरंचसं पूर्ववत होतं.

भाड्यात काय येतं, हे नीट विचारा. फ्लॅट मोजून मिळतात, पण टेके (फ्लॅटला मागून आधार देणाऱ्या तिरप्या दांड्या), वजनं आणि बिजागऱ्यांच्या सुट्या पिना ऐन वेळी कमी पडतात. आठ फुटी फ्लॅटला टेका साडेपाच-सहा फुटांवर अडकवून त्याचा पाय तीन-चार फूट मागे घ्यावा आणि त्यावर वाळूची पिशवी ठेवावी. रंगमंचाच्या फळ्यांना खिळे ठोकायला नाट्यगृहाची परवानगी लागते, ती गृहीत धरू नका. दाराच्या फ्लॅटला चौकटीच्या दोन्ही बाजूंना टेके द्या. एकाच बाजूला दिला तर दार आपटलं की सगळी भिंत थरथरते आणि गंभीर प्रसंगात प्रेक्षक हसतात. या फ्लॅटला उंबऱ्याखाली लोखंडी पट्टी नसेल तर उभ्या पट्ट्या फाकतात आणि दार अडकतं. सांध्यांवर चार-पाच इंच रुंदीची, कडा फाडून काढलेली कापडाची पट्टी चिकटवून त्याच रंगात रंगवा. कात्रीने कापलेली सरळ कड लाइटमध्ये उठून दिसते.

नवा रंग द्यायची मुभा मिळाली तर पाण्यात कालवायचाच रंग वापरा. ऑइल पेंटने कापड कडक होतं आणि गुंडाळलं की तडकतं. आगीबद्दलही विचारा. मागे उरलेल्या कापडाचा बोटभर तुकडा कापून बाहेर मोकळ्या जागेत काडी लावून बघता येतो. काडी बाजूला घेतल्यावरही ज्योत चढत राहिली तर त्या कापडावर अग्निरोधक काम झालेलं नाही, किंवा नंतर पाण्याने धुऊन गेलं आहे. असे फ्लॅट घ्यावेच लागले तर हॅलोजन त्यांच्यापासून लांब लावायला प्रकाशयोजना करणाऱ्याला आधीच सांगा.